दख्खनी लोकरीचं सूत टोचतं, तिरकं जातं, मग सुयांवर घ्यावं की नाही?

बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी प्रश्न थोडक्यात सांगते. या ताई सात-आठ वर्षं सुयांवर विणतायत, बाळांचे सेट, टोप्या, शाली अशा ऑर्डर घेतात, आणि आता आपल्याकडच्या लोकरीचं काहीतरी करायचं म्हणून माणदेशातल्या एका घोंगडी विणणाऱ्या घरातून त्यांनी ३ किलो काळं हातकताईचं सूत आणलंय. त्याचा स्वेटर सुरू केला तर तीन अडचणी आल्या. अंगाला टोचतो, पाठ सरळ न येता एका बाजूला तिरकी सरकते, आणि ओलं झालं की मेंढीचा वास येतो. घरचे म्हणतायत हे पोत्याचं सूत आहे, सोडून दे. ताईंनी विचारलंय की हे मऊ कसं करायचं, यात मेरिनो (मेरिनो मेंढीची बारीक, मऊ लोकर) किंवा दुकानातली साधी लोकर मिसळू का, आणि डिझाइनच्या दृष्टीनं यातून आजच्या माणसाला आवडेल असं काही होतं का, की नादच सोडू.

नाद सोडू नका. मी २२ वर्षं सुयांवर विणतेय, त्यातली ११ वर्षं दख्खनी लोकरीवर, म्हणजे आपल्याकडच्या दख्खनी मेंढीच्या लोकरीवर, आणि तुमच्या तिन्ही अडचणी मी जशाच्या तशा भोगल्यात. पण "मऊ कसं करू" इथून सुरुवात केलीत तर पुढचे सहा महिने त्यातच जातील आणि शेवटी हाताला काही लागणार नाही. खरा घोळ असा आहे की तुमच्या हातात आलेलं सूत मागासाठी कातलेलं आहे आणि तुम्ही ते सुयांवर घेतलंय, वर त्याच्याकडून मागणी करताय ती दुकानातल्या लोकरीसारखं वागण्याची. मराठीत आपण दोन्हीला विणणंच म्हणतो, मागावरचं पण आणि सुयांवरचं पण, त्यामुळे सूत देणाऱ्याला "विणायला हवंय" सांगितलं तर तो बिचारा ताण्याचंच, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांचंच, देणार ना, त्याची काय चूक.

आता दुकानातल्या लोकरीबद्दल, कारण आपल्या सगळ्यांचा हात तिच्यावरच बसलाय. आपण दुकानात जाऊन "लोकर द्या" म्हणतो आणि जे गुंडे घरी आणतो ते बहुतेक वेळा ॲक्रिलिक असतं, म्हणजे प्लास्टिकचा तंतू, मेंढीचा त्यात एक केस नसतो. मी ॲक्रिलिकला नावं ठेवत नाही, बाळाचं रोज धुवायचं टोपडं त्याचंच बरं पडतं, पण दोन पिढ्या आपण लोकर या शब्दाखाली ॲक्रिलिक हाताळलं आणि त्यामुळे खरी लोकर हातात आली की ती आपल्याला खोटी वाटते. खात्री करायची असेल तर घरातल्या कुठल्याही गुंड्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून ताटलीवर पेटवून बघा. लोकर कशीबशी जळते, ज्योत बाजूला केली की विझते, केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरडली जाते. ॲक्रिलिक भसकन पेटतं, वितळतं आणि खाली काळा टणक मणी राहतो. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की तुमचं ३ किलो सूत काय चीज आहे ते घरच्यांनाही दाखवता येईल.

टोचण्याबद्दल. बऱ्याच जणांना वाटतं लोकरीची ॲलर्जी आहे, पण बहुतेक वेळा ते निव्वळ जाडीचं गणित असतं. तंतूची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजतात. बारीक तंतूचं टोक कातडीला लागलं की वाकतं, जाड तंतूचं वाकत नाही, ते रुततं, आणि ही सीमारेषा साधारण ३० मायक्रॉनच्या आसपास आहे. कापडात असे जाड तंतू शंभरात पाचापेक्षा जास्त झाले की बहुतेकांना टोचायला लागतं. अंगावरच्या कपड्यांची मेरिनो १८-२० मायक्रॉनच्या आसपास असते, आपली दख्खनी सरासरीच ३५-४० च्या पुढे, आणि तिच्यात काही तंतू तर चक्क केसासारखे, आतून पोकळ. त्यामुळे शाम्पू, केसांचं कंडिशनर, कपड्यांचं सॉफ्टनर, काहीही लावा, वरून दोन दिवस बुळबुळीत लागेल पण तंतूची जाडी काही कमी होणार नाही. सॉफ्टनरचा थर उलट लोकरीचा पाणी शोषायचा गुण मारतो. मी पहिल्या वर्षी हे सगळं करून बघितलंय, त्यात पैसे घालवू नका.

पण "दख्खनी म्हणजे राठ" हेही सरसकट खरं नाही. कुठली लोकर मिळालीय यावर बरंच अवलंबून असतं. कोकराची पहिली कातरण, तिला जावळ म्हणतात, ती हाताला वेगळीच लागते, आणि जावळाच्या घोंगडीला पहिल्यापासून मान आहे तो उगाच नाही. त्याच मेंढीची मानेवरची आणि खांद्यावरची लोकर मांडीवरच्या लोकरीपेक्षा बरी असते. कातरणी वर्षातून दोनदा होते, आणि मेंढरं लांबच्या भटकंतीवरून आल्यावर कातरली असतील तर कुसळं, गोखरू, धूळ जास्त सापडते. म्हणून पुढच्या वेळी सूत घेताना रंगाच्या आधी हे तीन प्रश्न विचारा: जावळ आहे का, वेगळी काढून पिंजलीय का, आणि कुठल्या कातरणीची आहे. सगळं एकत्र पिंजलेलं सूत असेल, आणि तुमचं बहुतेक तसंच आहे, तर जाडे-बारके तंतू एकाच धाग्यात आले, ते नंतर वेगळे होत नाहीत.

वासाचं सगळ्यात सोपं. तो वास म्हणजे मेंढीच्या घामाचा आणि लोकरीतल्या मेणाचा, आणि काही वेळा त्यात खळही असते. घोंगडी विणणारे ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, तशा सुतातलं काही तुमच्याकडे आलं असेल तर धागा कडक, काथ्यासारखा लागेल आणि घरच्यांना पोतं आठवेल. म्हणून विणायच्या आधी लच्छीतच, म्हणजे सुताच्या सैल वेढ्यांच्या जुडीतच, धुवायचं. लच्छीला चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात रात्रभर भिजत घाला, सकाळी पाणी बघा, पहिलं पाणी चहासारखं निघतं. मग रिठ्याच्या पाण्यात परत कोमटच, चोळायचं नाही, पिळायचं नाही, फक्त दाबायचं, आणि गरम पाण्यातून एकदम गार पाण्यात टाकायचं नाही कारण तिथेच लोकर आटते. तीन-चार पाणी बदला. शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर टाकलं तर वास बराच जातो. सावलीत वाळवा. हे करून झाल्यावर तेच सूत परत हातात घ्या, निम्म्या तक्रारी इथेच मिटतात असा माझा अनुभव आहे.

आता तिरकेपणा. याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण हे कोणी नीट सांगत नाही आणि विणणारी बाई स्वतःच्या हाताला दोष देत बसते.

तुमच्या सुताचा हातभर तुकडा घ्या, दोन्ही टोकं धरून ताणा आणि मग टोकं हळूहळू जवळ आणा. बघा काय होतं. मधला धागा स्वतःभोवती गरगर फिरून त्याची दोरी वळली जाते, बरोबर? तो धाग्यातला मोकळा पीळ आहे. एकपदरी सूत आहे, एकाच दिशेनं कातलंय, आणि मागावरच्या ताण्याला ओढ सहन करायची असते म्हणून पीळ मुद्दाम घट्ट दिलाय. मागावर हा पीळ त्रास देत नाही, कारण ताण्याचा धागा दोन्हीकडून ताणलेला असतो आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, त्याला दाबून ठेवतो. सुयांवरच्या विणीत प्रत्येक टाका म्हणजे एक मोकळं वेटोळं, त्याला धरून ठेवणारं कोणी नाही, मग प्रत्येक टाका पिळाच्या दिशेनं थोडा थोडा कलतो आणि दीडशे सुया, म्हणजे दीडशे ओळी, झाल्या की पाठ तिरकी. एक सुई सुलट एक सुई उलट अशी साधी वीण असेल तर सगळे टाके एकाच बाजूला तोंड करून असतात, सगळे एकाच दिशेला कलतात, म्हणून त्या विणीत हे सगळ्यात वाईट दिसतं. माझं पहिलं जाकीट असंच झालं होतं, समोरचे दोन्ही भाग वेगवेगळे छान दिसत होते, शिवल्यावर बटणांची पट्टी कमरेपाशी चार बोटं डावीकडे गेली. मी ते दाबून, वाफ देऊन, टाचण्या लावून सरळ केलं आणि गिऱ्हाईकाला दिलं, पहिल्या धुण्यात ते परत तिरकं झालं आणि माझ्याकडे परत आलं. पैसे परत केले, पण जास्त वाईट याचं वाटलं की त्या बाईंनी नंतर देशी लोकरीचं काही घेतलं नाही.

त्यामुळे वजन टांगून लच्छी वाळवली की पीळ बसतो असं कोणी सांगितलं तर ते अर्धंच खरं धरा. पीळ झोपतो, मरत नाही. पाणी लागलं की उठतो.

खरे उपाय दोन. एक, सूत दुपदरी करा. दोन एकेरी धागे एकत्र घेऊन कातताना होता त्याच्या उलट दिशेला पीळ द्यायचा, चरख्यावर किंवा टकळीवर, आणि हातभर तुकड्याची मघाची परीक्षा परत करायची. टोकं जवळ आणली की धागा नुसता खाली लोंबला, गरगर फिरला नाही, की पीळ समतोल झाला. मला १०० ग्रॅमला साधारण तासभर लागतो. धागा जाड होतो हे लक्षात ठेवून सुया बदला. तुम्ही ८ नंबर, म्हणजे ४ मिलिमीटरच्या सुयांवर सुरू केलं होतं ना, दुपदरीसाठी ४ नंबर, म्हणजे ६ मिलिमीटरच्या घ्या (आपल्याकडच्या जुन्या नंबरात आकडा कमी तशी सुई जाड, ऑनलाइन परदेशी सुया मागवताना अनेकींची इथे फसगत होते). मला त्यात १० सेंटिमीटरला १२-१३ टाके मिळतात. घट्ट विणलंत तर पत्रा होईल, थोडं सैल विणा, कारण धुतल्यावर दख्खनी फुलते आणि टाक्यांमधल्या फटी भरून काढते.

दुसरा उपाय, एकेरीच ठेवायचं असेल तर वीण बदला. सगळ्या सुया सुलट, किंवा साबुदाण्याची वीण (एक टाका सुलट एक उलट, पुढच्या सुईला त्याची अदलाबदल), किंवा दोन सुलट दोन उलट. या विणींमध्ये सुलट-उलट टाके मिसळलेले असतात, एक इकडे ओढतो तर शेजारचा तिकडे, आणि कापड सरळ राहतं. मला स्वतःला साबुदाण्याची वीण या लोकरीत फार आवडते. काळ्या रंगावर बारीक नक्षी, वेण्या, जाळी काही उठून दिसत नाही, सगळं काम अंधारात केल्यासारखं होतं, पण साबुदाण्याचे उंचवटे तिरप्या उजेडात दिसतात, सकाळच्या उन्हात खिडकीपाशी ठेवलेली माझी उशी बघून लोक आधी हात लावतात आणि मग बोलतात.

आइसलंडचं उदाहरण इथे सांगण्यासारखं आहे. तिथल्या मेंढ्यांची लोकरही दुहेरी असते, बाहेरचे लांब राठ तंतू आणि आतली मऊ लव. या दोन्ही एकत्र ठेवून, जवळजवळ पीळ न देता, त्या लोकरीची पेळू, म्हणजे पिंजलेल्या लोकरीची न कातलेली लांब वात, थेट सुयांवर घेतात, तिला लोपी म्हणतात. त्याचे गोल खांद्याच्या नक्षीचे स्वेटर विसाव्या शतकाच्या मधल्या काळात चालू झाले, म्हणजे फार जुनी परंपरा नाही, आणि आज तो स्वेटर त्या देशाची ओळख आहे. तो टोचतो. सगळ्यांना माहीत आहे की टोचतो, आत शर्ट घालून वापरतात. त्यांनी लोकरीला मेरिनो करायचा प्रयत्न केला नाही, पीळ कमी ठेवला म्हणजे धाग्यात हवा राहिली, हलका झाला, उबदार झाला, आणि अंगाच्या थरात न घालता वरच्या थरात घातला. आपल्या धनगरांचं वेगळं काय आहे? घोंगडी खांद्यावर सदऱ्यावरून असते, पावसात डोक्यावरून खोळ करून घेतात, आत माणूस कोरडा राहतो. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही, आणि वरचं पाणी थेंब थेंब घरंगळतं. हा गुण राठ लोकरीतही पूर्ण आहे. म्हणजे डिझाइनचं उत्तर आपल्याकडे आधीच दिलेलं आहे: हे अंगावरचं कापड नाही, अंगाच्या आणि हवेच्या मधलं कापड आहे.

म्हणून मिसळण्याच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. ॲक्रिलिक मिसळू नका. टोचणं थोडं कमी होईल, पण ज्या गुणांसाठी ही लोकर घेतली ते पातळ होतील, आणि वापरून वस्तू संपली की मातीत जाणारी गोष्ट कायमची कचऱ्यात जाईल. मेरिनोचं थोडं वेगळं आहे. एकाच धाग्यात कातून मिसळलेली चालते, ती कताईच्या टप्प्यावर करावी लागते. पण तयार मेरिनोचा धागा आणि तुमचा धागा सोबत धरून विणाल तर धुण्यात मेरिनो भराभर आटते, दख्खनी तितकी झटकन आटत नाही, आणि कापडाला फुगे येतात. त्यापेक्षा जिथे कातडीला लागतं तिथेच मऊ धागा वापरा, गळ्याची पट्टी, मनगट, कॉलरची आतली बाजू. मी हातमागाच्या सुती कापडाचं अस्तर लावते, गळ्याला मलमलची पट्टी आतून हातशिलाईनं. तेवढ्यानं माझ्याकडचं जाकीट दिवसभर घालता येतं, अगदी कुर्त्यावरून पण.

आजच्या डिझाइनमध्ये याला जागा आहे का, तर आहे, आणि चांगली आहे. नेदरलँडच्या क्रिस्टीन माइंडर्ट्समा यांनी एका मेंढीच्या लोकरीचा एक स्वेटर असं काम केलं, म्हणजे स्वेटर घेणाऱ्याला कळतं की हा कुठल्या मेंढीचा. त्यांच्याच जाड दोरासारख्या लोकरीनं, भल्यामोठ्या सुयांवर विणलेल्या बैठका जगभर गाजल्या. तिथल्याच क्लॉडी योंगस्ट्रा ड्रेंट जातीच्या देशी मेंढ्या स्वतः पाळतात आणि त्यांची लोकर घोटून मोठमोठ्या इमारतींच्या भिंतींसाठी कामं करतात. घोटलेली लोकर आपल्यालाही नवी नाही, बुरणूस म्हणजे तेच की, न विणता दाबून-घोटून केलेलं कापड. आणि ब्रिटनमध्ये लोकरीला इतका कमी भाव यायला लागला होता की शेतकऱ्याला मेंढी कातरायचा खर्चही निघेना, तेव्हा २०१० मध्ये चार्ल्स, तेव्हाचे युवराज, यांच्या पुढाकारानं लोकरीसाठी मोठी मोहीम सुरू झाली, शेटलंड बेटांवर त्याच वर्षापासून लोकरीचा आठवडा भरतो. लोक तिथे सुया घेऊन विणायला जातात. हे मी परदेशाचं कौतुक म्हणून नाही सांगत. भावाची जी परिस्थिती तिथे होती तीच आज आपल्या माळरानावर आहे. आपल्याकडे मेंढी मांसासाठी पाळली जाते, लोकर उतरवायची ती मेंढीला बरं वाटावं म्हणून, आणि उतरवलेली लोकर बांधावर पडून राहिलेली मी कितीतरी ठिकाणी बघितलीय. देशातली बहुतांश लोकर गालिच्याच्या दर्जाची धरली जाते आणि कपड्यांसाठी आपण बाहेरून मागवतो. कातणाऱ्या बायका म्हाताऱ्या होतायत, सुना कातत नाहीत कारण रोजगार हमीवर किंवा कांदा काढायला गेलं तर जास्त मिळतात, आणि त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

त्यामुळे तुम्ही किंमत कशी लावता याला माझ्या दृष्टीनं डिझाइनइतकंच महत्त्व आहे. बाळाच्या सेटच्या दरात हे विकायला जाऊ नका. माझा हिशोब उघड सांगते. ६० सेंटिमीटर व्यासाचं गोल आसन, दुपदरी सूत, सगळ्या सुया सुलट, ६५० ते ७०० ग्रॅम लागतं आणि विणायला ९-१० तास. दुपदरी करायचे ७ तास वेगळे. धुणं वेगळं. मी माझा तासाचा दर आधी ठरवते, सुताला जो दर कातणारी सांगेल तो देते, घासाघीस करत नाही, आणि मग जी किंमत येते ती लावते. ती ऐकून दहातले सात जण परत जातात, तीन घेतात, आणि त्या तिघांना मी कागदावर लिहून देते की लोकर कुठल्या भागातली, हातानं कातलेली, रंग दिलेला नाही, कशी धुवायची. ती चिठ्ठी लोक जपून ठेवतात. कातणारीचं नाव घालायचं असेल तर आधी तिला विचारा, काहींना आवडतं काहींना नाही.

रंगाचं विचारलं नव्हतंत पण सांगते. काळ्या लोकरीला रंगवायच्या भानगडीत पडू नका, बसत नाही. ती खरं तर एका काळ्या रंगाची नसतेच, उन्हानं टोकं तांबूस झालेली असतात, म्हाताऱ्या मेंढीची करडी होते. मी लच्छ्या खिडकीत मांडून गडद ते फिकट असा क्रम लावते आणि त्याच क्रमानं विणते, तेवढ्यावर आसनाला कडेपासून मध्यापर्यंत उजळत जाणारी छटा येते, काही न करता. पांढरी लोकर थोडी मिळाली तर घोंगडीच्या काठासारखे दोन पट्टे, बस. निळीत किंवा मंजिष्ठेत रंगवायची असेल तर ती पांढरी रंगवा.

एक सावधगिरी, हीही भोगलेली. न धुतलेलं सूत आणि न धुतलेल्या वस्तू पिशवीत बांधून माळ्यावर टाकू नका, कसर लागते. माझ्या ८ उशांची खोळं एका पावसाळ्यात चाळणी झाली. धुऊन, कडक वाळवून, वेखंडाचे तुकडे आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून सुती कापडात गुंडाळा, आणि महिन्या-दोन महिन्यांनी उघडून झटका. कसरीला अंधार आणि शांतता लागते, हाताळत राहिलं की ती येत नाही.

मशीनबद्दल कोणीतरी खाली विचारेलच म्हणून, घरगुती विणायच्या मशीनवर, दोन सुयांत ४.५ मिलिमीटर अंतर असलेल्या, हे सूत चालणार नाही, सुया वाकतील. जाड सुताची ९ मिलिमीटरची मशीन असेल तर दुपदरी नाही पण एकेरी कसंबसं जातं. मी हातावरच करते.

आता तुमच्या ३ किलोचं काय करायचं ते थोडक्यात. स्वेटर उसवा, मन घट्ट करून उसवा, सूत वाया जात नाही. सगळ्या लच्छ्या धुवा. १ किलो दुपदरी करून बघा. त्यातून पहिली वस्तू आसन किंवा पायपुसण्याच्या आकाराची छोटी चटई, म्हणजे टोचण्याचा प्रश्नच येणार नाही आणि तुमचा हात या सुताला सरावेल. दुसरी वस्तू पिशवी किंवा लॅपटॉपचं कव्हर, थोडं मोठं विणून कोमट पाण्यात रिठ्यानं चोळून मुद्दाम आटवलेलं, माझा २० सेंटिमीटरचा नमुना साधारण १७ वर येतो, तुमचा वेगळा येईल, म्हणून आधी नमुना आटवून मोजा आणि मगच टाके घाला. या दोन गोष्टी जमल्या की जाकीट घ्या हातात, बिनबाह्यांचं, साबुदाण्याच्या विणीत, गळ्याला मलमल. पुढच्या खेपेला त्याच घरी जाल तेव्हा सुयांचा एक तयार नमुना सोबत न्या आणि कातणाऱ्या आजींच्या हातात द्या. मी तसं केलं तेव्हा त्यांनी तो ताणून बघितला, उलटा केला, वासही घेतला, आणि म्हणाल्या, अगं हे तर सैल कातायला पायजे, आधी सांगायचं नाही का. त्या दिवसापासून मला कमी पिळाचं सूत वेगळं कातून मिळतं आणि दुपदरी करायचं निम्मं काम वाचलं.

आणि प्रत्येक लॉटमधून १०० ग्रॅम बाजूला काढून त्यावर तारखेची चिठ्ठी बांधून ठेवा. पुढच्या कातरणीचा काळा याच्याशी जुळणार नाही, आणि पाच वर्षांनी कोणी कड झिजलेलं जाकीट दुरुस्तीला घेऊन आलं तर तेवढंच सूत कामाला येईल. नमुना धुऊन झाला की फोटो टाका, आधीचा आणि नंतरचा दोन्ही, शेजारी फूटपट्टी ठेवून.